खरात सिस्टर आणि तांबीचे टाके

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, दुसरा शनिवार. तांबीच्या नसबंदीचे पाच हजार दोनशे रुपये मी डॉक्टर नाझनीन यांच्या टेबलावर ठेवले. हजर तिघे: डॉक्टर, मी आणि आमच्या समोरच्या घरातल्या खरात सिस्टर. तांबी म्हणजे आमची कुत्री. रंगावरून ठेवलेलं नाव. ती माझ्या बुटावर पाय ठेवून टेबलाखाली उभी होती. तिला हजर धरायचं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही. माझी बायको मीना बाहेर रिक्षात बसून होती. तिला दवाखान्याचा वास सोसत नाही, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

सिस्टर आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात नांदेडला मुलीच्या घरी त्या वारल्या. आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं तर सांगतील, देवमाणूस होत्या. सिस्टरांना हा शब्द चालला नसता. कुणी तोंडावर कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "मला ड्यूटीवर बघितलं असतं म्हंजे कळलं असतं." लोक हसायचे. मीही हसलो आहे. त्यात विनोद नव्हता हे मला पुढे कळलं.

त्या मूळच्या लासूर स्टेशनकडच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली, बरीचशी बायकांच्या वॉर्डात आणि तालुक्यांच्या कुटुंबनियोजन शिबिरांत. निवृत्त झाल्यावर गारखेड्यात आमच्या समोरचं घर घेतलं. दारावर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली घड्याळ, आणि ते घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, ड्यूटीवरचेच. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाला भाजीवाला उभा राहिला तर त्या घरातूनच भाव पाडायच्या. साडेपाचला उठून स्वतःचं अंगण झाडायच्या आणि मग आमचंही, कारण आमचं त्यांना स्वच्छ वाटत नसे. "मीना, झाडलं व्हय गं? का नुसता झाडू फिरवला?" हे रोजचं.

इंजेक्शन त्या दारातच द्यायच्या. पैसे घेत नसत. चहा घेत, बिनसाखरेचा, आणि त्यात बुडवून दोन खारी. खारीला साखर नसते असं त्यांचं म्हणणं होतं. असते, हे मी पुड्यावर वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "स्टोअरकीपर, तुमच्या नोकरीचा तरास चहाला नका देऊ."

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर्स विभागात आहे. आलं किती, गेलं किती, शिल्लक किती, यात माझं आयुष्य गेलं. म्हणूनच असेल, सिस्टरांची दुखणं मोजायची पद्धत मला फार आवडली. कुणी कण्हत आलं की त्या विचारायच्या, "रुपयातलं किती?" सोळा आण्यांचा रुपया, तर सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय ते सांगायचं. चार आणे असेल तर शेक आणि झोप. आठ आणे असेल तर गोळी. बाराच्या वर गेलं की रिक्षा. कॉलेजच्या पोरांना आणे ठाऊक नसत, त्यांना त्या आधी आणे शिकवत आणि मग दुखणं विचारत.

माझ्या मुतखड्याच्या वेळी मी त्यांच्या ओट्यावर आडवा झालो होतो. त्यांनी विचारलं, "काळेभाऊ, रुपयातलं किती?"

मी विचार करून म्हणालो, "साडेअकरा आणे."

"अरे देवा! मुतखड्यात बी हिशोब!" त्या एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं आणि हसल्यामुळे कळ वाढली. "आता किती?"

"चौदा."

"मग बोलवा रिक्षा."

ही पद्धत कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. "कुठं नाय," त्या म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर काढली. ड्यूटीवर विचारायला टाइम कुणाला होता?"

कुत्री मात्र त्यांना आवडत नसत. दारात कुत्रं दिसलं की बादलीभर पाणी. चावलेल्या माणसांना सुया टोचण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती, त्यामुळे त्यांचा राग मी समजू शकत होतो. तांबीला त्या नावाने हाक मारत नव्हत्या. "तुमची ती" म्हणायच्या. तांबीला आमच्या मुलीने पिल्लू असताना आणलं आणि मग मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तांबी राहिली. दोन वेळा ती माजावर आली तेव्हा गल्लीभर कुत्र्यांची रांग लागली. शेजारचे बोर्डेसाहेब गेटवर येऊन म्हणाले, "काळे, हे लग्नकार्य किती दिवस चालणार?" तेव्हा आम्ही ऑपरेशन करायचं ठरवलं.

मला रक्त बघवत नाही आणि मीना दवाखान्यात पाऊल ठेवत नाही. म्हणून मी सिस्टरांना सोबत चला म्हणालो.

"माणसांची सिस्टर हाय मी. जनावरांची नाय."

"फक्त उभ्या राहा."

"उभी राहून काय करू? आरती?"

पण शनिवारी सकाळी त्या बूट घालून रिक्षात येऊन बसल्या.

डॉक्टर नाझनीन वयाने लहान, माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. मला त्या "काका, टेन्शन नको" म्हणायच्या आणि आतल्या माणसाशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी सिस्टरांची ओळख विचारली आणि म्हणाल्या, मग काचेतून बघा ना. सिस्टर काचेपाशी उभ्या राहिल्या. मी बाकावर. आतलं मी काही पाहिलं नाही; पुढचं बोलणं ऐकलं ते दार उघडं होतं म्हणून.

"हे कसलं इंजेक्शन?" सिस्टरांनी विचारलं.

"दुखू नये म्हणून."

"पण अजून तर टाका बी नाय घातला. आन झोपलीय की ती."

"झोप उतरल्यावर दुखणारच ना, आंटी. दुखणं सुरू व्हायच्या आधीच दिलं की पुढे कमी औषधात भागतं. एकदा दुखणं चढलं, की मग उतरवायला जास्त लागतं. आणि उद्यापासून गोळ्या. रोज एक, जेवणाबरोबर, पाच दिवस."

"पाच दिवस? कुत्रीला?"

"पोट उघडतोय आपण तिचं."

मग एखाद्या शिकाऊ नर्ससारख्या सिस्टर एकामागून एक प्रश्न विचारत राहिल्या. दुखतंय हे कळणार कसं? ती तर बोलत नाही. ताप हाताला कळेल का? डॉक्टरांनी सांगितलं, हात लावून ताप कळत नाही, कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. वागणं बघा. दुखत असलं तरी बहुतेक कुत्री ओरडत नाहीत, ती दुखणं लपवतात. कमान करून उभी राहते का, नीट आडवी होते का, थंडीत धापते का, जिभेने ओठ चाटत बसते का, कोपरा धरते का. उड्या नाहीत, जिना नाही, टाके चाटू द्यायचे नाहीत. उलटी झाली, शी काळी झाली किंवा खाणं सोडलं तर लगेच फोन. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घरात कितीही असोत, एकही द्यायची नाही.

परत येताना मीनाच्या मांडीवर अर्धवट गुंगीतली तांबी होती. सिस्टर पुढे रिक्षावाल्याशेजारी बसल्या होत्या. एरवी रिक्षात त्या रिक्षावाल्याला रस्ते सांगायच्या. त्या दिवशी त्याने चुकीच्या चौकातून वळवलं तरी बोलल्या नाहीत. घराशी उतरताना फक्त म्हणाल्या, "कुत्रीला देतात."

आता माझी चूक. रविवारी मी तांबीला पोळीत घालून पहिली गोळी दिली. तिने पोळी खाल्ली, पाणी प्यायलं, शेपटी हलवली. सोमवारी सकाळी ती मला इतकी बरी वाटली, की मी गोळी दिली नाही. आमच्या घरात ही जुनी रीत आहे आणि आमच्याच नाही, मला माहीत असलेल्या सगळ्या घरांत आहे. बरं वाटलं की गोळी बंद. दुखण्याच्या गोळ्या वाईट, सवय लागते, पोट जाळतात, किडनी जाते. पाकिटात उरलेल्या गोळ्या म्हणजे जणू आपण शरीराची केलेली बचत. मंगळवारीही दिली नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

मंगळवारी माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळी घरीच होतो. सिस्टर खारीसाठी आल्या. तांबी स्कूटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"कशी हाय तुमची ती?"

"एकदम शांत," मी म्हणालो. "इतकी गुणी आहे ना सिस्टर, कुं नाही की कां नाही."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. त्या स्कूटरच्या पलीकडे गेल्या आणि तांबीपासून थोड्या लांब जमिनीवरच बसल्या. हात लावला नाही. नुसतं बघत बसल्या. तांबी उठली, पाठीची कमान झाली. आडवं व्हायला पाय दुमडले, पोट जमिनीला लागायच्या आतच परत उठली. असं तिने तीनदा केलं. मग अर्धवट टेकून बसली आणि ओठ चाटत राहिली. तिच्या तोंडातून धाप ऐकू येत होती.

"काळेभाऊ, तुम्ही स्वेटर का घातलाय?"

"थंडी आहे."

"मग ही का धापतीय?"

मी तांबीकडे वळून पाहिलं.

"गोळी दिली?"

मी सांगितलं. दुखत नव्हतं म्हणून बंद केली.

"दुखत नव्हतं ते गोळीमुळं," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डातला आवाज नव्हता तो. त्या आवाजाला मी तयार होतो; याला नव्हतो.

मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं ते करतो. मी आत जाऊन माझी कंबरदुखीची गोळी आणली. माझं वजन बहात्तर, तांबीचं अठरा, म्हणजे पाव गोळी. मी सुरीने तिचे चार भागही केले. हिशोब बरोबर होता. सिस्टरांनी माझ्या हातातून ते चारही तुकडे घेतले आणि मोरीत टाकले.

"ही माणसाची. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? मारायचीय का तिला? फोन लावा."

डॉक्टर म्हणाल्या, दोन दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, तिला घेऊन या. आम्ही नेलं. टाके चांगले होते, थोडी सूज होती, ती असतेच. इंजेक्शन दिलं आणि गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितलं. मला रागावल्या नाहीत. "होतं काका, खूप लोक असंच करतात," म्हणाल्या. त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

दुपारी तांबी आमच्या ओट्यावर गोधडीवर पहिल्यांदा पूर्ण आडवी झाली. चारही पाय लांब केले, मोठा श्वास सोडला आणि झोपली. टाके चाटू नयेत म्हणून सिस्टरांनी माझं जुनं बनियन तिला घातलं होतं, शेपटीसाठी भोक पाडून. बोर्डेसाहेबांनी गेटवरून पाहिलं आणि विचारलं, "काळे, डबल ड्यूटीला हिला पाठवताय का?"

मीनाने चहा आणला. सिस्टर तांबीकडे बघत बोलू लागल्या.

"एक कौसा म्हनून बाई होती. लासूरकडचीच. शिबिरात आली ऑपरेशनला. तवा आमच्यावर आकड्याचं लई प्रेशर. एका दिवसात किती बाया उरकल्या ते वरती कळवायचं. सतरंजीवर बायांची रांग. टाके पडले की सरकवा पुढं. भूल उतरायला लागली की एक-एक कण्हायला लागायची. ही कौसा मोठ्यानं रडली. आई गं, आई गं. बाकीच्या बी सुरू होतील म्हनून मला राग आला. मी म्हनलं..." त्या थांबल्या. मग वॉर्डातल्या आवाजात, जसं तेव्हा म्हटलं असेल तसंच, त्यांनी म्हणून दाखवलं, "'ए, गप पड! कुत्री-मांजरं बी वितात, त्यांची बी पोटं दुखतात. वरडतात का? त्यांच्याकडून शीक.' सगळ्या हसल्या. ज्या कण्हत होत्या त्या बी हसल्या. कौसा गप झाली. मी बरोबरच्या सिस्टरला म्हनलं, बघ, कशी गुणी झाली. शांत."

तांबीचे पाय झोपेत हलत होते.

"आठ दिवसांनी नवरा घेऊन आला तिला. टाक्यात पू. आगीसारखं अंग. दुखतं म्हनून घरी कुणाला बोललीच नव्हती. बरी झाली, पर माझ्याशी एक शब्द नाय बोलली. आन मला तवा काय बी वाटलं नाय, मीना. हे खरं सांगते. झोप उडाली, जेवन गेलं, असलं काय नाय. त्या परवाच्या पोरीनं कुत्रीला सुई टोचली ना, दुखायच्या आधी, तवा वाटलं. इतक्या वर्सांनी."

मी खाली बघत होतो. मला वाटलं मीना म्हणेल, जाऊ द्या सिस्टर, तेव्हाचा काळच तसा होता. मीना सगळ्यांना असं म्हणते.

मीना म्हणाली, "माझं ऑपरेशन पैठणकडे झालं. माहेरी. शिबिरातच. मलापण तिथल्या सिस्टर अशाच बोलल्या. म्हणाल्या, नवऱ्याकडे जाताना नाही का रडलीस?" ती सावकाश बोलत होती. "त्या तुम्ही नव्हतात. पण तुमच्यासारख्याच होत्या."

बावीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. त्या शिबिराच्या बाहेर मी मुलीला कडेवर घेऊन उभा होतो. जीपची सोय मी केली होती, भाडं ठरवलं होतं, ते आजही सांगू शकतो. मीना बाहेर आल्यावर मी विचारलं होतं, फार दुखतंय का? ती नाही म्हणाली. मी ते धरून चाललो. कंपनीत एवढ्यावर मी कुणाचा शून्य आकडा मान्य केला नसता, गोदामात जाऊन बघितलं असतं.

सिस्टर उठल्या. मीनाच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच मागे घेतला. रिकामा कप स्वतः विसळून त्या घरी गेल्या.

त्यानंतर पाच दिवस रोज सकाळी त्या यायच्या, तांबीपाशी जमिनीवर बसायच्या आणि तिचे आणे लावायच्या. "आज सहा." "आज चार. जिन्याकडं बघतीय, धरून ठेवा." शेवटी एका सकाळी तांबीने त्यांची खारी पळवली. "शून्य!" सिस्टर ओरडल्या. "बरी झाली रांड!" त्यांच्या तोंडून शिवी आम्ही पहिल्यांदाच ऐकली, आणि 'तुमची ती' हा शब्द त्या दिवसापासून गेला.

त्या वर्षी गल्लीने वर्गणी काढून मोकाट कुत्र्यांपैकी चार माद्यांचं ऑपरेशन करून घेतलं. माद्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, माझ्या ओट्यावर. गोधड्या, पाण्याची भांडी, वाऱ्याला आडोसा. डॉक्टर नाझनीन तिथे यायच्या आणि सिस्टर त्यांना वॉर्डच्या राउंडसारखं एकेकीचं सांगायच्या. एखादी गोळी थुंकली तर पुन्हा किती द्यायची, हे फोन करून विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. बोर्डेसाहेब म्हणाले, "सिस्टर, वॉर्ड काढला की काय कुत्र्यांचा?"

"एक खाट रिकामी हाय. येता का?"

हे सगळं चांगलं चाललं होतं. लोक त्यांना आणखीच देवमाणूस म्हणू लागले आणि सिस्टर आणखीच चिडू लागल्या. एकदा मीनाला त्या म्हणाल्या, हे मला मीनाने सांगितलं, "मी कुत्र्यांची सेवा करते आन लोक पाया पडतात. कौसा तिकडं जित्ती हाय. तिच्यापुढं जायची हिंमत नाय माझी. ही सेवा म्हंजे पळून बसायची जागा झाली."

मीना म्हणाली, "मग चला."

लासूरच्या नातेवाइकांकडून त्यांनी पत्ता काढला. कौसाबाई नवरा वारल्यापासून लासूरच्या आठवडी बाजारात भाजी विकत होती. हे ठरलं तोवर नांदेडची मुलगी सिस्टरांना न्यायला यायचं म्हणत होती. त्यांचे गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेली होती. मुलगी यायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघे सकाळच्या पॅसेंजरने निघालो. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मुलगी आली तेव्हा माझी पहिली पाळी होती.

गाडीत सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. बूट घातले नव्हते, साध्या चपला होत्या. दौलताबादच्या पुढे त्या म्हणाल्या, "काय म्हनू गं तिला?"

"आधी भाव विचारा," मीना म्हणाली. "मग सुचेल."

थोड्या वेळाने सिस्टर म्हणाल्या, "कुत्रीचं नाय सांगायचं. तुम्ही बी बोलू नका, काळेभाऊ. कुत्रीला बघून मला तुझी आठवन आली, असं म्हनले तर तिला परत तेच बोलल्यासारखं होईल."

मी हो म्हणालो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नसती. कदाचित मीच बोलून गेलो असतो.

बाजारात कौसाबाई सापडायला वेळ लागला नाही. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर घट्ट. पुढ्यात ताडपत्रीवर वांगी, शेवग्याच्या शेंगा, हिरव्या मिरच्या. सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना ते बसणं किती जड जात होतं ते मला माहीत होतं. मीना आणि मी दोन पावलं मागे.

"काय देऊ?" कौसाबाई म्हणाली.

भाव विचारायचं सिस्टर विसरल्या. "मला वळखलंस का?"

कौसाबाईने तराजू खाली ठेवला नाही. नुसतं पाहिलं. "दवाखान्यातल्या बाई."

"व्हय. मी तुला तवा बोलले होते. सतरंजीवर. लई वंगाळ बोलले होते."

"ध्यानात हाय."

"चुकलं माझं. तुझं दुखत होतं आन मी सगळ्यांना हसवलं. तेवढं सांगायला आले."

मध्येच एका गिऱ्हाइकाने मिरच्या मागितल्या. कौसाबाईने मिरच्या तोलून दिल्या, पैसे घेतले, कनवटीला लावले. मग म्हणाली, "माझी थोरली पोरगी व्हती संगं. पाच वर्सांची. दाराशी बसून तिनं सगळं ऐकलं. घरी गेल्यावर मी कण्हले की म्हनायची, आई, कुत्री वरडत नाय. तिला काय कळतंय? मी तोंडात पदर घालून पडायची."

सिस्टरांनी ताडपत्रीच्या कडेला हात टेकला.

"आता ती पोरगी बी बाळंतीन झाली दोनदा," कौसाबाई म्हणाली. "वरडली. मी म्हनलं, वरड." तिने पाण्याचा हात वांग्यांवरून फिरवला. "हितं गिऱ्हाईक खोळंबतं, बाई. काय घेनार?"

"दे काय बी."

"काय बी नसतं. सांगा."

"वांगी. एक किलो."

तिने तोलली. काटा किंचित वांग्यांकडे झुकला तेव्हा एक वांगं काढून घेतलं, अगदी बरोबर केलं आणि मीनाच्या पिशवीत ओतलं. "चाळीस."

सिस्टरांनी पन्नासाची नोट दिली आणि मीनाचा खांदा धरून उठल्या. "ऱ्हाऊ दे वरचे."

"का म्हनून?" कौसाबाईने कनवटीतून दहाचं नाणं काढलं, उठून उभी राहिली, सिस्टरांचा हात ओढून त्यात ते ठेवलं आणि परत खाली बसली.

हिशोब एवढाच: एक किलो वांगी, चाळीस रुपये, कौसाबाईला.